सप्लाय येतोय, साहेब!

हीटेड ग्रिप बंद पडली की टूरिंग बाइकच्या मालकाला हल्ली दोन्हीकडून एकच उपदेश ऐकावा लागतो. सर्व्हिस सेंटरमधला ॲडव्हायझर म्हणतो, ‘साहेब, ही पूर्वीची गाडी राहिली नाही. सगळं इलेक्ट्रॉनिक आहे. तुम्ही हात लावू नका, वॉरंटी जाईल.’ आणि ज्यांनी लाखो रुपये मोजून गाडी घेतली आहे, जे चार वेळा लेह करून आले आहेत, ते जुनेजाणते रायडरही मान डोलावतात. डीलरकडे द्या, तो म्हणेल तो पार्ट बदला, आपल्याला त्यातलं काय कळतं?

असं म्हणणारे मूर्ख नाहीत. त्यांच्या बोलण्यात तथ्याचा भाग आहे आणि तो मी पुढे मान्यही करणार आहे. पण या मतामुळे डीलरला एक सोयीची सवय लागली आहे. बिघाड शोधायचा नाही, पार्ट बदलायचा. बदलून चाललं तर दुरुस्ती झाली, नाही चाललं तर दुसरा पार्ट मागवायचा, आणि त्यानंतरही नाही चाललं तर मालकाने लावलेल्या फॉग लॅम्पकडे बोट दाखवायचं. माझं म्हणणं एवढंच की मोजमाप न करता बदललेला पार्ट म्हणजे दुरुस्ती नव्हे, आणि वॉरंटीतही ती दुरुस्ती म्हणून स्वीकारायचं आपल्याला कारण नाही.

आधी एक किरकोळ आक्षेप बाजूला सारतो. ‘हे सगळे लाड आहेत, जाड हातमोजे घाला की!’ हवा शून्य अंशाची असेल आणि गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली असेल, तर वाऱ्याच्या गारव्याच्या प्रचलित सूत्रानुसार उघड्या त्वचेला ती उणे ९ अंशांसारखी लागते. बारालाचा किंवा खारदुंग ला चढताना पहाटे शून्य अंश ही काही विशेष थंडी नव्हे. बधिर झालेल्या बोटांना ब्रेकची लिव्हर नीट कळत नाही. ताशी ६० ला गाडी सेकंदाला साधारण सोळा-सतरा मीटर जाते, म्हणजे बोटं अर्धा सेकंद उशिरा वळली की आठ मीटर गेले. राहिले जाड हातमोजे. मुठीची ऊब तळहातातून आत यायची असते, आणि तळहाताला जाड अस्तर असलेला मोजा तीच ऊब अडवतो. वाऱ्याला हँडगार्ड आणि तळहाताला पातळ मोजा, अशी ही जोडी आहे. लाड म्हणणाऱ्यांनी एकदा मनाली-लेह वाटेवरच्या सर्चूच्या तंबूतून सकाळी सहाला गाडी काढावी.

आता मूळ मुद्दा. ही मूठ म्हणजे आहे तरी काय? रबराखाली गुंडाळलेली तापणारी तार किंवा पट्टी, एक स्विच किंवा रेग्युलेटर, कधी रिले, कधी फ्यूज, आणि यांना जोडणाऱ्या वायरी नि कपलर. शाळेत ओहमचा नियम शिकलेल्या कुणालाही समजावं इतकं हे सर्किट साधं आहे. दोन्ही मुठी मिळून ३६ वॉटच्या धरल्या, तर १२ व्होल्टला ३ अँपिअर करंट. हॅलोजन हेडलाइटचा लो बीम एकटा ५५ वॉट खातो, म्हणजे मुठींचा भार त्याहून कमीच. मुठी समांतर जोडलेल्या असतील तर प्रत्येकीचा रोध साधारण ८ ओहम भरेल. एक मूठ मेली की करंट ३ वरून दीडवर येईल आणि दुसरी चालू राहील. एकापाठोपाठ एक अशा जोडल्या असतील तर एक तुटली की दोन्ही गार. म्हणजे ‘एकच मूठ गार आहे की दोन्ही?’ या एका प्रश्नात आणि अँपिअर दाखवणाऱ्या एका मीटरमध्ये अर्धा तपास होतो. त्यासाठी लॅपटॉप लागत नाही. फक्त रेग्युलेटर सर्वांत वरच्या पायरीवर ठेवावा लागतो, कारण खालच्या पायऱ्यांवर करंट चालू-बंद, चालू-बंद असा तुकड्यांनी जातो आणि मीटरचा आकडा नाचत राहतो.

या तपासाऐवजी काय होतं, ते ज्याने अनुभवलं आहे तो जाणतो. मेकॅनिक सीट काढतो, ग्रिपचा कपलर सुटा करतो, मीटरची टोकं लावतो, १२ व्होल्ट बघतो आणि म्हणतो, ‘सप्लाय येतोय, साहेब. ग्रिपच गेलीय.’ हे वाक्य खोटं नसतं. पण या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही, आणि डीलरच्या बाजूने बोलणाऱ्यांनी सर्वांत आधी याचं उत्तर द्यायला हवं. व्होल्टमीटर स्वतः करंट जवळजवळ ओढतच नाही. वायरीतले सगळे तंतू तुटून एकच शिल्लक असला, कपलरची पिन हिरवी पडली असली, अर्थिंगचा नट सैल असला, तरी कपलर सुटा असताना मीटर बॅटरीइतकेच व्होल्ट दाखवणार. मूठ जोडून तीन अँपिअर वाहायला लागले की तेच व्होल्ट त्या खराब सांध्यावर खर्ची पडतात. म्हणून मोजायचं ते भार चालू ठेवून. इंजिन चालू, मुठी पूर्ण पायरीवर, कपलर जोडलेला, आणि मीटरची टोकं मागच्या बाजूने कपलरमध्ये सारलेली. बॅटरीच्या धनाग्रापासून मुठीच्या वायरीपर्यंत, आणि मुठीच्या दुसऱ्या वायरीपासून बॅटरीच्या ऋणाग्रापर्यंत, या दोन्ही टप्प्यांत किती व्होल्ट गळतात ते बघायचं. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त गळत असतील तर मुठीला दोष देण्याआधी रस्ता तपासा.

दोन व्होल्ट गळाले तर काय मोठंसं, असं वाटेल. पण उष्णता व्होल्टच्या वर्गाप्रमाणे बदलते. साडेतेराचे साडेअकरा झाले की ऊब जवळपास २७ टक्क्यांनी घटते. अशी मूठ हाताला कोमट लागते, आणि ती कोमट का आहे हे मुंबईत कुणाला कळायचं नाही. मे महिन्यात, लेहला निघायच्या आधी, आपण गाडी सर्व्हिसला देतो. बाहेर ३४-३५ अंश, शेडमध्ये त्याहून जास्त. ॲडव्हायझर मुठीवर हात ठेवतो आणि म्हणतो, ‘तापतायत की.’ अशा हवेत तापणारच! मुंबई-पुण्यातल्या सर्व्हिस सेंटरला हाताने तपासणीचा निवाडा करता येणं शक्यच नाही. तिथे अँपिअरचा आकडा हवा.

आपल्या हवामानाचा आणखी एक भाग आहे, ज्याचा विचार ना कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल करतं ना डीलर. युरोपात या मुठी निम्मं वर्ष वापरात असतात. आपल्याकडे त्या वर्षातले थोडे दिवस तापतात आणि उरलेलं वर्ष, त्यातले चार महिने कोकण-सह्याद्रीच्या पावसात, नुसत्या भिजत राहतात. हेडलाइटमागच्या किंवा टाकीखालच्या कपलरमध्ये ओल शिरते, पितळी पिनांवर हिरवी पूड चढते. मग जूनमध्ये मनाली सोडल्यावर बटण दाबलं की दिवा लागतो आणि हात गारच. गेल्या मोसमात बरी चाललेली ग्रिप ‘आपोआप गेली’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी ग्रिपला शिव्या देण्याआधी कपलर उघडून बघावा. साफ करून, डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून, पुन्हा मोजावं.

सर्वांत जास्त वेळा तुटते ती उजवी बाजू, आणि तिचं कारण गूढ नाही. डावी मूठ हँडलच्या पाइपवर पक्की बसलेली असते, उजवी ॲक्सिलरेटरबरोबर फिरते. तिच्यातून निघणारी वायर प्रत्येक वेळी रेस देताना वाकते आणि सरळ होते. वरचं आवरण शाबूत, आत तांबं तुटलेलं. अशी वायर कधी जोडते, कधी सोडते. रेस बंद असताना मूठ तापते, हायवेला एका ठरावीक कोनात हात स्थिरावला की गार. शेडमध्ये स्टँडवर उभ्या गाडीत ती चालणारच. याचा तपास दोन मिनिटांचा आहे. ओहममीटर लावायचा आणि रेस हळूहळू फिरवत आकड्याकडे बघायचं. आकडा मध्येच अनंताला गेला की तुटलेली जागा सापडली. मुठीच्या तोंडाशी थोडी जास्तीची वायर मोकळी ठेवली असती, तर ती तुटलीही नसती. म्हणजे बऱ्याचदा दोष बसवणाऱ्याचा असतो, आणि नवी ग्रिप त्याच माणसाने तशीच ताणून बसवली तर पुढच्या मोसमात तीही जाणार.

उलट डाव्या मुठीबद्दलची तक्रार अनेकदा तक्रारच नसते. डावी उघड्या धातूच्या पाइपवर असते, तिची ऊब हँडल ओढून घेतं. उजवीखाली प्लॅस्टिकची नळी असते, ती ऊब राखते. त्यामुळे दोन्ही तितकेच वॉट खात असल्या तरी डावी गार लागते. काही उत्पादक म्हणूनच दोन बाजूंना वेगवेगळे एलिमेंट देतात. ही गोष्ट ग्राहकाला समजावून सांगणं हे ॲडव्हायझरचं काम. त्याऐवजी डावी ग्रिप बदलून द्यायची, ग्राहक पुन्हा आला की ‘कंपनीचाच प्रॉब्लेम आहे’ म्हणायचं, हा उद्योग मी स्वतः पाहिला आहे. आणि सिग्नलला उभं राहिल्यावर मुठी बंद होऊन दिवा लुकलुकत असेल, तर बहुतेक वेळा तो बिघाड नसून बॅटरी वाचवण्याची सोय असते. अनेक रेग्युलेटर साडेअकरा व्होल्टच्या आसपास मुठींचा पुरवठा तोडतात. तिथे तपासायची ती बॅटरी आणि चार्जिंग.

माझ्या गाडीचं सांगतो. उजवी मूठ मधूनमधून जायची. सर्व्हिस सेंटरने आधी ग्रिप बदलली, मग स्विच, मग ‘मॉड्यूल मागवावं लागेल’ म्हणून गाडी आठवडेच्या आठवडे ठेवून घेतली. एकाही जॉब कार्डवर एकही आकडा नव्हता. शेवटी एका ऑटो इलेक्ट्रिशियनकाकांनी हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवत मीटरकडे पाहिलं आणि स्टिअरिंगच्या मानेपाशी केबल-टायने आवळलेली हार्नेस दाखवली. टाय त्याच सेंटरमध्ये आवळलेला होता. बदललेले दोन्ही पार्ट बहुधा चांगले असणार. बहुधा म्हणतो, कारण जुनी ग्रिप चिकटवलेली असते, ती काढताना ब्लेडने कापावी लागते आणि एकदा कापली की तिचा रोध मोजून दोष खरा होता का हे ठरवता येत नाही. म्हणजे न मोजता बदलणं फक्त महाग पडत नाही, त्यात पुरावाही जातो.

आता डीलरच्या बाजूचं तथ्य. आजच्या मोठ्या टूरिंग गाड्यांत वायरीला वायर जोडून काम भागत नाही, हे खरं आहे. बीएमडब्ल्यूने २००४ च्या आर १२०० जीएसपासून नेहमीचे फ्यूज काढून टाकले. करंट अनपेक्षित वाढला किंवा घटला की कंट्रोल युनिटच तो मार्ग बंद करतं आणि दोषाचा कोड नोंदवतं. अशा गाडीत कुणी रस्त्यावरच्या फिटरकडून फॉग लॅम्पची वायर मुठींच्या वायरीत टोचून घेतली, वर इन्सुलेशन टेप गुंडाळली, तर मुठी बंद पडतील आणि दोष मालकाचाच असेल. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलांना असे गुंते रोज सोडवावे लागतात. त्यांची चिडचिड मला समजते. बाहेरची ग्रिप बसवायचीच तर बॅटरीपासून स्वतंत्र फ्यूज आणि इग्निशनवर चालणारा रिले, एवढी शिस्त पाळलीच पाहिजे.

पण यातून ‘म्हणून आमच्यावर सोपवा’ हा निष्कर्ष निघत नाही. कारण कोड पार्टचं नाव सांगत नाही, सर्किटचं सांगतो. ‘उजव्या मुठीचं सर्किट खुलं’ असा कोड आला, तर मूठ तुटली, की कपलर सुटला, की मानेपाशी वायर चिरडली, हे लॅपटॉपला कळत नाही. तिथून पुढे मीटरच लागतो. इलेक्ट्रॉनिक्स वाढलं म्हणून मोजमाप कमी लागतं हा समज उलटा आहे. जुन्या गाडीत फ्यूज जळालेला डोळ्यांनी दिसे. इथे तेही दिसत नाही.

वॉरंटीच्या धमकीबद्दल तर स्पष्ट बोललं पाहिजे. मल्टिमीटर लावल्याने वॉरंटी जाते, हे कुठल्या अटीत लिहिलं आहे ते दाखवायला सांगा. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटींहून अधिक दंड केला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधनं फक्त अधिकृत डीलरांपुरती अडवून ठेवल्याबद्दल. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारा, असंही त्या आदेशात होतं. प्रकरण पुढे अपिलात गेलं, आणि आदेश चारचाकी कंपन्यांपुरता होता, हे मान्य. पण त्यामागचा न्याय दुचाकीला लागू का होऊ नये, याचं कारण मला अजून कुणी सांगितलेलं नाही. अमेरिकेत जून २०२२ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने थेट हार्ले-डेव्हिडसनवरच याच प्रकारच्या वॉरंटी-अटींसाठी कारवाई केली, आणि बाहेर सर्व्हिस केल्याने वॉरंटी जात नाही असं ग्राहकांना स्पष्ट कळवायला लावलं. युरोपीय संघाच्या दुचाकींसाठीच्या १६८/२०१३ या नियमात दुरुस्तीची माहिती स्वतंत्र दुरुस्तीदारांना उपलब्ध करून देणं उत्पादकांवर बंधनकारक आहे. युरोपात गाडी विकणारी कंपनी तिथल्या गॅरेजवाल्याला ही माहिती देते, आणि तीच कंपनी पुण्यातल्या मालकाला सांगते की वायरिंग डायग्राम ‘कॉन्फिडेन्शियल’ आहे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, पोर्टल काढलं, त्यात वाहन क्षेत्रही घेतलं. पोर्टल आहे, डायग्राम मात्र मागून बघा.

‘एका ग्रिपसाठी कुणी ग्राहक आयोगात जातं का?’ असं हसून विचारलं जातं. नाही जात. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली त्रुटी ही तक्रार होऊ शकते, वस्तूतला दोष प्रयोगशाळेत तपासून घेण्याची तरतूद आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. डीलरला हे सगळं ठाऊक असतं. म्हणूनच जॉब कार्डवर ‘ग्रिप नॉट वर्किंग – चेक’ एवढंच लिहिलं जातं. ग्राहकाने लिहायला लावावं ते वेगळं. कुठली मूठ, कुठल्या पायरीवर, रेस फिरवल्यावर बदल होतो का, इंजिन चालू असताना बॅटरीवर किती व्होल्ट, दोन्ही मुठी मिळून किती अँपिअर. पार्ट बदलण्याआधीचा आकडा आणि बदलल्यानंतरचा आकडा. दोन्ही नोंदवल्याशिवाय गाडीची डिलिव्हरी घेऊ नये. पहिल्यांदा ॲडव्हायझर वैतागेल. दुसऱ्यांदा तो मेकॅनिकला हाक मारून मीटर आणायला सांगेल.

सोपवून मोकळं होण्याच्या बाजूने एक शेवटचं म्हणणं उरतं. हे सगळं करायला वेळ कुणाला आहे? पैसे देऊन माणूस नेमलाय, तो करील. पण तो माणूस वाटेत सोबत नसतो. मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पेट्रोलपंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचा फलक अनेक वर्षं रायडरांच्या फोटोंत झळकत आला आहे. जिथे पेट्रोल नाही तिथे अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठून असणार? सर्चूला मूठ गेली तर हाताशी असतो तो खिशातला मीटर आणि सोबतचा रायडर. आपल्या मुठींचा रोध घरून निघण्याआधी मोजून मोबाइलमध्ये टिपून ठेवला असेल, तर तिथे दहा मिनिटांत कळतं की एलिमेंट गेला आहे की कपलर, आणि कपलर असेल तर तिथेच काम होतं.

सर्व्हिस सेंटरमधल्या पोरांना मोजता येत नाही, असं मला म्हणायचंच नाही. आयटीआयमधून आलेला मुलगा भारावर व्होल्ट मोजायला शिकलेला असतो. पण वॉरंटीच्या कामात कंपनी डीलरला प्रत्येक कामाचा ठरावीक वेळ धरून पैसे देते. ग्रिप बदलण्याचा वेळ त्या तक्त्यात असतो, बदललेला पार्ट परत पाठवला की क्लेम मंजूर होतो. हार्नेस उलगडून तुटका तंतू शोधण्यात गेलेला दीड तास मात्र कुणी भरून देत नाही, आणि सापडला तर परत पाठवायला पार्टही नसतो. मग तो मुलगा पार्ट बदलतो. त्यामुळे ग्राहकाचं भांडण मेकॅनिकशी असू नये, ते कंपनीच्या त्या तक्त्याशी असावं. विजेच्या बिघाडाच्या तपासाला वॉरंटीत स्वतंत्र वेळ मंजूर करा, बदलण्याआधीच्या मोजमापाची नोंद क्लेमला सक्तीची करा, वायरिंग डायग्राम मालकाच्या पुस्तिकेतच छापा. यातल्या एकाही गोष्टीला नवं तंत्रज्ञान लागत नाही.